निकाहावर वलीची हरकत: कुठे चालते, कुठे अडते आणि कागद कोणत्या क्रमाने जमवायचे

मुलीचा निकाह आपल्याला न विचारता लागला किंवा लागणार आहे, हे कळलं की मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत ठरलेला क्रम सुरू होतो. आधी पोलीस ठाणं, मग ओळखीच्या मौलानांकडून फतवा, मग जमातीची बैठक आणि सगळ्यात शेवटी वकील. तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. पोलिसांच्या तक्रारीत मुलीचं वय १७ लिहिलेलं असतं, फतव्याच्या अर्जात १९, आणि वकिलाकडे आणलेल्या आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. समोरच्या पक्षाला यापलीकडे काही लागतच नाही.

निकाहासाठीचा पालक, म्हणजे वली, याला हरकत घेण्याचा हक्क शरीयतमध्ये आहे. पण लोक समजतात त्यापेक्षा तो बराच अरुंद आहे. सज्ञान मुलीच्या बाबतीत तो भारतातल्या कोर्टात जवळपास टिकत नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर मात्र पालकाच्या हातात खरोखरच ताकद आहे, आणि ती ताकद शरीयतपेक्षा बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ मधून जास्त येते. म्हणून पहिला प्रश्न ‘निकाह मोडता येतो का’ हा नाही. निकाहाच्या दिवशी मुलीचं वय काय होतं, ती स्वतः काय म्हणते आणि तुम्ही नक्की कोणत्या नात्याने बोलताय, हे आधी ठरवायचं.

## टप्पा १: निकाहाच्या तारखेचं वय कागदावर पक्कं करा

आजचं वय कामाचं नाही. निकाहाच्या दिवशी किती वर्षं पूर्ण होती, तेवढंच मोजायचं. त्यासाठी दोन कागद एकाच वेळी काढा.

पहिला कागद शाळेचा. पहिलीत नाव घातलं त्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. शाळा सोडल्याचा दाखला हाताशी असला तरी मूळ रजिस्टरचा उतारा जास्त वजनदार ठरतो, कारण त्यात नाव घालताना दिलेली तारीख असते. दहावी झाली असेल तर बोर्डाचं प्रमाणपत्र जोडा. दुसरा कागद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा जन्म दाखला. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम असाच आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्माची नोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधारवरची तारीख वयाचा पुरावा म्हणून पुढे करू नका. ती बहुतेकदा तोंडी सांगितलेली असते.

वय हाती आलं की प्रकरण तीनपैकी एका गटात बसतं.

१५ च्या आत: मुस्लिम वैयक्तिक कायद्यानुसारही मुलगी साधारणपणे स्वतः निकाहाला संमती देऊ शकत नाही. वलीने लावला असेल तरच तो निकाह, आणि त्यावरही कायद्याचे इलाज आहेत.

१५ ते १८: वादाचा गट. वैयक्तिक कायद्यात १५ व्या वर्षी मुलगी बालिग झाली, म्हणजे वयात आली, असं गृहीत धरतात. बालविवाह प्रतिबंध कायद्यात १८ पर्यंत ती बालिकाच. या दोहोंत वरचढ कोण, यावर उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ च्या बालविवाहावरील निकालातही वैयक्तिक कायद्याचा मुद्दा उघडाच ठेवला. त्यामुळे ‘सतरा वर्षांची आहे, आपोआप रद्द होईल’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्या भरवशावर बसू नका. मात्र १८ खालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७ मध्ये ठरवला आणि भारतीय न्याय संहितेत आता वयाची अट १८ हीच आहे.

१८ पूर्ण: पुढचे टप्पे वाचा, पण अपेक्षा आत्ताच कमी करा.

तपासा: निकाहनाम्यावर हिजरी आणि इंग्रजी अशा दोन तारखा असतात. चांद दिसण्यावरून हिजरी तारीख एका दिवसाने इकडेतिकडे होते. मुलगी १८ च्या उंबरठ्यावर असेल तर इंग्रजी तारीखच धरा, आणि ती हॉलची पावती, पत्रिका किंवा व्हिडिओशी जुळवून बघा.

सावधान: शाळेतली तारीख ‘दुरुस्त’ करून आणण्याच्या फंदात पडू नका. मूळ रजिस्टर कोर्टात मागवलं जातं, आणि एकदा खाडाखोड दिसली की तुमचा खरा कागदही खोटा वाटायला लागतो.

## टप्पा २: मुलीशी बोला, कोणाला मध्ये न घालता

हा टप्पा वगळूनच लोक कोर्टात जातात. अर्जात लिहितात ‘फूस लावून नेलं’, आणि मुलगी न्यायाधीशांसमोर उभी राहून सांगते, ‘मी माझ्या मर्जीने गेले.’ त्या एका वाक्याने सज्ञान मुलीचं प्रकरण तिथेच संपतं. अल्पवयीन मुलीचंही दुबळं होतं, कारण पळवून नेणं आणि स्वतःहून जाणं यांत कोर्ट फरक करतं.

बोलताना तीनच गोष्टी काढून घ्यायच्या. निकाहाच्या वेळी तिला कोणी विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं आणि ती काय म्हणाली. धमकी, मारहाण, फोन काढून घेणं असं काही झालं का. आणि तिला आज काय हवंय. हे बोलणं शक्यतो अम्मी, खाला (मावशी) किंवा फुफी (आत्या) यांनी करावं. अब्बा आणि चाचा दारात उभे असताना मिळालेलं उत्तर कोर्टात टिकत नाही.

मुलगीच म्हणत असेल की मला बळजबरीने बसवलं, तर वलीच्या हक्काची गरजच उरत नाही. अर्ज तिच्या नावाने जातो, आणि वलीच्या अर्जापेक्षा तो कैक पट भक्कम असतो. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. क्रमांक १५१००.

## टप्पा ३: वली नक्की कोण, हे ठरवा

हनफी फिकहमध्ये (सुन्नींच्या हनफी पंथाच्या धर्मशास्त्रात) निकाहाच्या पालकत्वाचा क्रम ठरलेला आहे. आधी बाप, मग दादा (बापाचे वडील) आणि त्यांच्या वरचे, मग सख्खा भाऊ, सावत्र (बापाकडून) भाऊ, मग भावांचे मुलगे, चाचा, चाचाचे मुलगे. बापाकडचं कोणीच नसेल तर आई आणि आईकडची माणसं. त्यांच्याही नंतर काझी, म्हणजे शासन.

इथे दोन गोंधळ कायम होतात.

एक, ताबा आणि वलायत (वलीचा अधिकार) यांची सरमिसळ. तलाकनंतर मुलगी आईकडे नानाच्या (आईच्या वडिलांच्या) घरी वाढली, म्हणून निकाहाचा वली नाना होत नाही. आईला हिजानत असते, म्हणजे सांभाळण्याचा हक्क. बाप हयात आणि पोहोचण्याजोगा असताना निकाहाची वलायत त्याच्याकडेच राहते. उलट बापही असं म्हणू शकत नाही की वली मीच, म्हणून मुलीचा ताबा आज माझ्याकडे द्या.

दुसरा गोंधळ वली आणि वकील यांचा. आपल्याकडे निकाहाच्या वेळी मामू किंवा घरातला एखादा वडीलधारा ‘वकील’ म्हणून दोन गवाहांना (साक्षीदारांना) घेऊन आत मुलीकडे जातो, इजाजत घेतो आणि बाहेर येऊन काझींना सांगतो. हा फक्त निरोप्या. निकाहनाम्यात वकिलाच्या रकान्यात मामूचं नाव दिसलं म्हणून तो वली झाला नाही, आणि त्याने सही केली म्हणून बापाची संमती लागली असंही नाही.

दूरच्या वलीने, समजा चाचाने, जवळचा वली म्हणजे बाप हजर असताना नाबालिग मुलीचा निकाह लावला, तर हनफी मतानुसार तो बापाच्या मंजुरीवर लटकत राहतो. बापाने नाकारला तर निकाह उभा राहत नाही. पण मंजुरी तोंडीच असते असं नाही, वागण्यातूनही ती धरली जाते.

सावधान: कळल्यानंतर वलीमाची दावत खाल्ली, जावयाला कपड्यांचा जोडा दिला, ईदी पाठवली, मेहराची, म्हणजे नवऱ्याने मुलीला द्यायची, रक्कम हातात घेतली, तर पुढे ‘मी मंजुरी दिलीच नव्हती’ हे म्हणता येणार नाही. नाकारायचं असेल तर कळल्याबरोबर, लेखी आणि तारखेसह नाकारा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

## टप्पा ४: मसलक विचारा

मसलक म्हणजे घर कोणत्या पंथाचे नियम मानतं ते. मराठवाड्यातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. हनफी मतानुसार बालिग, शहाणी मुलगी वलीशिवाय स्वतःचा निकाह करू शकते, आणि वलीला उरतो तो फक्त ठराविक कारणांवर हरकतीचा हक्क.

पण इथे सगळेच हनफी नाहीत. परभणी, नांदेड, हिंगोली, संभाजीनगरात हदरामी अरब वंशाचा चाऊश समाज आहे, तो परंपरेने शाफई. कोकणातून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबंही बरीचशी शाफई. शाफई मतात कुमारिकेचा निकाह वलीशिवाय होतच नाही. अहले हदीसही वलीला निकाहाची अट मानतात. शिया इस्ना अशरींचे नियम वेगळे; तिथे निकाहाला गवाहही अनिवार्य नाहीत.

म्हणून तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत मसलक सांगा. वकील मराठी-इंग्रजी कायद्याची पुस्तकं वाचून हनफी नियमच गृहीत धरतो, आणि चाऊश घरातला महत्त्वाचा मुद्दा अर्जात येतच नाही. मसलक सिद्ध करायला कुटुंबातल्या जुन्या निकाहांचे कागद, काझींचा जबाब, कोणत्या मशिदीशी घर जोडलेलं आहे, असा पुरावा चालतो. निकाह झाल्यावर सोयीसाठी मसलक बदलला तर तो दिसतोच.

## टप्पा ५: निकाहनामा मिळवा आणि ओळ न् ओळ वाचा

निकाहनाम्याच्या प्रती साधारण तिन्हीकडे राहतात: मुलाकडे, मुलीकडे आणि काझींच्या दप्तरात. तुम्हाला दप्तरातल्या प्रतीची नक्कल हवी. काझींकडे शांतपणे, लेखी अर्ज देऊन मागा. निकाह सीमेपलीकडे झाला असेल तर त्याच भागाच्या काझींकडे जावं लागतं. देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या मुलींचे निकाह हैदराबाद, निजामाबाद किंवा बिदरला लागणं काही नवीन नाही. मोबाइलवर आलेला निकाहनाम्याचा फोटो पुरेसा नाही, पण तोही जपून ठेवा. मूळ आणि फोटो यांत फरक निघाला तर तोच पुरावा होतो.

वाचताना या जागी बोट ठेवा:

- वधूचं वय. अंकात लिहिलंय, शब्दात लिहिलंय की नुसतं ‘बालिगा’? जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे का?
- वलीचा रकाना. तुमचं नाव घातलंय का? सही कोणाची? बाप पुण्याला मजुरीवर आणि कागदावर बापाची सही, असं असेल तर त्या दिवशीची हजेरीची नोंद, एसटीचं तिकीट, मोबाइलचं लोकेशन, जे सापडेल ते काढा.
- वकील आणि दोन गवाह. त्यांचे पत्ते. इजाजत घ्यायला आत कोण गेलं होतं, हे फक्त यांनाच माहीत असतं.
- मेहर. किती, आणि नगद की उधार. कुठे कुठे रुपयांच्या जोडीला हैदराबादी रिवाजाप्रमाणे दीनार-ए-सुर्खही (सोन्याची नाणी) लिहिलेले असतात. ते विसरून फक्त रुपये मोजू नका.
- इजाजतीचा मजकूर. हनफी मतात कुमारिकेला जवळच्या वलीने विचारलं आणि ती गप्प राहिली, तर ती संमती धरतात. परक्याने किंवा दूरच्या नातलगाने विचारलं असेल तर गप्प राहणं पुरत नाही, तोंडाने बोलावं लागतं. ‘मुलगी लाजली, म्हणजे हो’ हा नियम सरसकट नाही.

विवाह नोंदणी झाली आहे का, तेही बघा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ही नोंदणी गावात ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेत होते. तिथल्या ज्ञापनाला वयाचे पुरावे जोडलेले असतात. काझींकडे एक तारीख आणि पालिकेत दुसरी, हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

तपासा: निकाह मुस्लिम रिवाजाने झालाच नसेल, विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झाला असेल, तर वर लिहिलेलं जवळपास सगळं गैरलागू. तिथे विवाह अधिकाऱ्याने नोटीस लावल्यापासून ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतं, पण फक्त कलम ४ च्या अटींवर: वय, आधीची हयात पत्नी किंवा पती, मनाची अवस्था, निषिद्ध नातं. ‘घरच्यांची परवानगी नाही’ हे त्यात कुठेच बसत नाही.

## टप्पा ६: हरकतीचं कारण कसाला लावा

सज्ञान मुलीने वलीशिवाय निकाह केला, तर हनफी ग्रंथ वलीला दोन कारणं देतात.

पहिलं कफाअत, म्हणजे मुलगा बरोबरीचा नसणं. वंश, दीनदारी, मेहर आणि खर्च उचलण्याची ऐपत, पेशा अशा बाबी त्यात येतात. मोजमाप निकाहाच्या दिवशीचं. नंतर धंदा बुडाला, नोकरी गेली, हे कारण होत नाही. बरोबरी मुलाची मुलीशी बघायची, उलट नाही. म्हणून मुलाचा बाप ‘सून आमच्या तोलाची नाही’ म्हणून कफाअतीची हरकत घेऊ शकत नाही. अशा बापांना परत पाठवायलाच बराच वेळ जातो.

दुसरं कारण मेहर. मुलीने मेहर-ए-मिस्लपेक्षा बराच कमी मेहर कबूल केला, तर वली तो पुरा करण्याची मागणी करू शकतो. मेहर-ए-मिस्ल म्हणजे तिच्या बापाकडच्या बायकांचा, बहिणी-फुफी यांचा, साधारण मेहर. तो नुसता सांगून चालत नाही, त्यांचे निकाहनामे जोडावे लागतात. आणि नवऱ्याने फरक भरून दिला की हरकत संपली. हे कारण निकाह मोडण्याचं कमी आणि मुलीचा हक्क भरून घेण्याचं जास्त आहे. त्यामुळे समझोत्याच्या बैठकीत याचा चांगला उपयोग होतो.

दोन्ही कारणांना मर्यादा आहेत. हक्क बापाकडच्या नातलगांचा. जवळच्या वलीने एकदा होकार दिला की मागून चाचाने उठायचं नाही. मुलगी गरोदर राहिली किंवा मूल झालं की कफाअतीची हरकत संपते. आणि वली स्वतः जाहीर करून निकाह मोडू शकत नाही, त्याला काझीचा निर्णय लागतो. निर्णय येईपर्यंत नवरा-बायको हे नवरा-बायकोच, एक गेला तर दुसऱ्याला वारसा मिळतो. उत्तरकालीन हनफी उलेमांपैकी काहींनी वलीशिवाय गैरबरोबरीत केलेला निकाह मुळात होतच नाही, असं मत दिलं आहे. फतव्यांत ते वाचायला मिळेल.

पण हा ‘काझीचा निर्णय’ भारतात देणार कोण? काझी कायदा, १८८० ने नेमलेल्या काझीला न्यायाचे अधिकार दिलेले नाहीत, ते कायद्यातच लिहिलं आहे. दारुल कझा (शरीयतनुसार तंटे सोडवणारी खासगी मंडळं) आणि फतवे यांना कायद्याचं बळ नाही, त्यांचं पालन कोणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ ला स्पष्ट केलं. राहिलं दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालय. आणि तिथे सज्ञान मुलीच्या आड केरळचं हादिया प्रकरण उभं आहे. वडिलांच्या हेबियस कॉर्पस अर्जावर (डांबलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज) केरळ उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये तिचा निकाह रद्द ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २०१८ ला तो आदेश फिरवला: सज्ञान व्यक्तीने जोडीदार निवडणं हा तिचा मूलभूत हक्क, त्यात बापाचं मत किंवा कोर्टाचं पालकत्व आडवं येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: सज्ञान मुलगी मर्जीने नांदत असेल तर फक्त कफाअतीवर दावा लावू नका. बिरादरी वेगळी, म्हणजे आपण पठाण, मुलगा बागवान, एवढंच कारण असेल तर दावा तर टिकत नाहीच, वर मुलीने संरक्षण मागितलं की तुम्हीच आरोपीच्या बाजूला जाऊन बसता. दावा करण्यासारखी कारणं वेगळी आहेत: बळजबरी, खोटी ओळख, इद्दतीत (आधीचा निकाह संपल्यावर थांबण्याच्या मुदतीत) लावलेला निकाह, निषिद्ध नातं, मुलीची संमती देण्याजोगी मानसिक अवस्था नसणं.

## टप्पा ७: योग्य दार ठोठावा

निकाह अजून व्हायचा आहे आणि मुलगी १८ खाली. वेळ तासांत मोजा. गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा, पण लेखी तक्रारही द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली मनाई हुकूम काढू शकतात. तातडी असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम निघतो. त्या हुकमानंतर लावलेला विवाह कलम १४ नुसार मुळातच शून्य. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पालकाच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं.

निकाह झाला, मुलगी अजून १८ खाली. कलम ३ खाली विवाह रद्द करण्याचा अर्ज मुलीच्या वतीने पालक किंवा वादमित्र (अल्पवयीनाच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती) करतो, पण बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत. त्यांना न जोडता केलेला अर्ज परत येतो. इथे आईही वादमित्र होऊ शकते, शरीयतमधला वलीचा क्रम आड येत नाही. मुलीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पळवून किंवा फूस लावून नेलं असेल, बळजबरी किंवा फसवणूक झाली असेल, विकलं गेलं असेल, तर कलम १२ नुसार विवाह शून्य असल्याचा मुद्दा त्याच अर्जात वेगळा मांडा. वैयक्तिक कायद्याचा वाद समोरून येणार हे गृहीत धरा आणि बळजबरी, वलीची नामंजुरी हे मुद्दे पहिल्या दिवसापासून अर्जात असू द्या.

निकाह अल्पवयात झाला, मुलगी आता सज्ञान. आता हक्क तिचा. कलम ३ चा अर्ज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी. याशिवाय १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याच्या कलम २ मध्ये खियार-उल-बुलूग आहे: बापाने किंवा दुसऱ्या वलीने १५ च्या आत निकाह लावला, शरीरसंबंध झाला नाही आणि मुलीने १८ च्या आत तो नाकारला, तर तिला फारकतीचा हुकूम मिळतो. नाकारल्याची तारीख सिद्ध करायला नोटीस हवी. वाढदिवस उलटल्यावर आठवण झाली तर हे दार बंद असतं.

मुलगी निकाहाच्या वेळीच सज्ञान. जबरदस्तीने डांबलं असल्याचा खरा पुरावा असेल तरच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पस. अन्यथा पहिल्याच तारखेला तिचा जबाब होतो आणि अर्ज निकाली निघतो.

कोणत्या गावच्या कोर्टात? बालविवाहाच्या अर्जासाठी कलम ८ सोयीचं आहे. समोरचा किंवा मुलगी राहते तिथे, निकाह झाला तिथे, दोघं शेवटी एकत्र राहिले तिथे किंवा अर्जदार आज राहतो तिथे, यांपैकी कुठेही. निकाह हैदराबादला झाला तरी परभणीचा बाप परभणीत अर्ज करू शकतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे तेच, नसेल तिथे जिल्हा न्यायालय.

सावधान: लग्न स्वतःच लावून दिलं आणि आता सोयरीक बिघडली म्हणून बालविवाह कायद्याची तक्रार करायची असेल, तर आधी वकिलाशी बोला. कलम ११ नुसार बालविवाह होऊ देणाऱ्या पालकाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या कलमात स्त्रीला कैद नाही. पालकाने निष्काळजीपणे विवाह रोखला नाही, असं कायदा गृहीतच धरतो, उलट सिद्ध करणं तुमच्यावर. आणि एकदा पोक्सोची (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याची) नोंद झाली की ‘आमचं मिटलं’ म्हणून ती काढून घेता येत नाही.

## टप्पा ८: अर्जात काय लिहायचं

तारखेच्या क्रमाने लिहा. मुलीचा जन्म, शाळा, कुठे राहत होती, कोणाच्या ताब्यात होती. तुम्हाला निकाहाची बातमी कोणत्या दिवशी, कोणाकडून कळली, आणि त्यानंतर २४ तासांत तुम्ही काय केलं. नाकारल्याची नोटीस कधी पाठवली. मग वय, वलायत, मसलक, निकाहनाम्यातल्या विसंगती, हे प्रत्येकी वेगळ्या परिच्छेदात. मुलगी सज्ञान असेल तर तिला पक्षकार करायलाच हवं. तिच्या निकाहाबद्दल तिला न ऐकता कोणतंही कोर्ट काही ठरवणार नाही.

मागण्या स्पष्ट: विवाह रद्द किंवा शून्य ठरवणं, मुलीची सुरक्षितता, दिलेल्या वस्तू-पैशांची परतफेड (कलम ३), मुलीच्या निवाऱ्याचा आणि पोटगीचा हुकूम (कलम ४). मूल असेल तर ते कलम ६ नुसार औरसच राहतं. त्याच्याबद्दल एक वाकडं वाक्यही अर्जात नको. ‘खानदानाची इज्जत’, ‘लव्ह जिहाद’, ‘वशीकरण’ असले शब्द खोडून टाका. न्यायाधीशांना त्यातून तुमचा हेतू कळतो, कायदा कळत नाही.

फतवा असेल तर शेवटी जोडा. तो मसलकाचं मत दाखवतो, निकाल नाही.

## टप्पा ९: हुकूम मिळाल्यावरची कामं

प्रमाणित नकलांच्या निदान चार प्रती काढा. एक विवाह निबंधकाकडे नोंदीसाठी, एक काझींच्या दप्तरात मूळ नोंदीशेजारी लावण्यासाठी, एक मुलीकडे, एक तुमच्याकडे. काझींकडून नोंद लावल्याचं लेखी घ्या, नाहीतर पुढच्या निकाहाच्या वेळी जुना निकाहनामा कोणीतरी पुढे करतं.

पुढचा निकाह लावणारे काझी बऱ्याचदा कोर्टाच्या हुकमासोबत शरई फस्खचा (शरीयतनुसार निकाह मोडल्याचा) कागदही मागतात. दोन्ही पक्ष राजी असतील तर तो दारुल कझातून आधीच घेऊन ठेवा. कोर्टाचा हुकूम नसताना फक्त त्या कागदावर दुसरा निकाह लावू नका. शरीरसंबंध झाला असेल तर इद्दत पूर्ण होऊ द्या: तीन हैज (मासिक पाळ्या), गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. इद्दतीत लावलेला निकाह म्हणजे नव्या वादाला स्वतःच दिलेलं कारण. समोरचा पक्ष अपिलात गेला आहे का, हे पुढच्या सोयरिकीचा शब्द देण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या.